साडेसातची हाक

तारमास्तरांशी बोलताना नवा माणूस हमखास बावरायचा. आपलं बोलणं संपलं तरी मास्तर गप्प. नजर आपल्यावर, चेहरा शांत, पण तोंडातून शब्द नाही. माणसाला वाटायचं, ह्यांना ऐकू आलं नाही की काय, का आपलंच काही चुकलं? तो पुन्हा बोलायला तोंड उघडायचा आणि नेमके तेव्हाच मास्तर उत्तर द्यायला लागायचे. मी मोजलंय. समोरच्याचं वाक्य संपलं की मास्तर दोन श्वास थांबत. घरात, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठंही.

काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, ह्यावरून फार वैतागायच्या. मला सांगत, "लग्न झाल्यावर पहिल्यांदा वांग्याची भाजी केल्ती. इचारलं, कशी झाली? हे गप्प. मी ताट उचलून न्हेलं, अन् मंग मागून आवाज, लई चांगली झाली म्हून. तवर मी चुलीपाशी रडून बी घेतल्तं!"

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत बरं का. पोस्टाच्या तारखात्यात तीस वर्षं कडकट्ट करत बसलेले. निजामाच्या मुलखात उर्दूतून शिकलेले, म्हणून बोलण्यात जल्दी, बराबर, बिलकुल. पेन्शनीत निघून वाटूरला परत आले तेव्हा आमचा जालना जिल्हा नुकताच झाला होता. त्याआधी आम्ही परभणीचे. बाकीचे लोक पेन्शनीत शेती बघतात, नाहीतर फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसतात. मास्तरांनी लिंबाच्या झाडापासून आपल्या माळवदापर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणली, कोपऱ्यातल्या खोलीत टेबल मांडलं आणि स्वतःच्या हातानं जोडलेली एक पेटी पुढं घेऊन बसले. त्या पेटीतून ते केरळातल्या माणसाशी बोलत, आसामातल्या माणसाशी बोलत. ह्याला हॅम रेडिओ म्हणतात. सरकारची परीक्षा द्यावी लागते, मग लायसन मिळतं, आणि ज्याची त्याला एक खूण मिळते, तिला कॉल साइन म्हणायचं. आपल्याकडच्या खुणा 'व्ही यू'नं सुरू होतात. मास्तरांची पुढची अक्षरं मी इथं लिहिणार नाही. ती त्यांची होती.

गावाला ह्यातलं काही कळत नव्हतं. काहींना वाटायचं, मास्तर सरकारचे गुप्त खबरे आहेत. काहींना वाटायचं, ती तार धुणं वाळत घालायला आहे. काकूंनी एकदा खरंच तिच्यावर दोन लुगडी टाकली. मास्तर बाहेर आले, वर बघितलं, दोन श्वास थांबले आणि म्हणाले, "काढा. आसाम वलं झालं."

माझी गाठ त्यांच्याशी पडली ती भांडणातून. म्हणजे मी भांडले, ते थांबले. त्यांच्या भिंतीला लागूनच आमची पिठाची गिरणी. मालक एसटीत कंडक्टर, तेव्हा गिरणी मीच चालवायची. आता गिरणीवाल्या बाईचं बोलणं कसं असतं तुम्हाला माहीत असेल. मोटार घरघरतेय, पट्टा फडफडतोय, समोर दहा जणी डबे घेऊन उभ्या. मोठ्यानं बोललं नाही तर ऐकू जात नाही, आणि मध्ये थांबलं तर दुसरी बोलायला लागते. म्हणून मी थांबतच नसे. घरीसुद्धा माझा आवाज गिरणीचाच. मालक म्हणायचे, एसटीत बरी शांतता असते.

एके सकाळी मास्तर गिरणीच्या दारात उभे.

"बाई, गिरणी किती वाजता सुरू करता?"

"लाइट आली की!"

दोन श्वास. "अन् बंद?"

"लाइट गेली की! कामून वो मास्तर, आवाजाचा तरास होतो का? झाला तर झाला, मी काय करू, लोकांनी ज्वारी अख्खी चावायची का? आमच्या आधी इथं कोणाची गिरणी होती का? तुमची तार आमच्या लिंबाला बांधलीय, आम्ही काही बोललो का?"

मी एवढं सगळं बोलून घेतलं तरी ते थांबलेलेच. मला वाटलं, जिंकले. मग म्हणाले, "आवाजाचा तरास न्हाई. तुमच्या पट्ट्यावर ठिणग्या उडतेत. त्या माझ्या रेडिओत येतेत. साऱ्या हिंदुस्थानचा आवाज येतो अन् त्याच्यावर तुमची गिरणी बसती."

"मंग काय, बंद करू?"

"बिलकुल न्हाई. हवा काही माझ्या बापाची न्हाई, तुमच्या बी न्हाई. वाटून घिऊ."

असं कोणी बोललं की भांडायला काही उरतच नाही. त्यांनी स्वतः येऊन पट्ट्याजवळ तांब्याच्या तारांचा ब्रश बसवला, त्याचं टोक जमिनीत गाडलं. ठिणग्या पुष्कळ कमी झाल्या. राहिल्या त्यांच्यासाठी वाटणी ठरली. सकाळी साडेसात ते पावणेआठ गिरणी बंद. बाकी दिवस माझा.

साडेसातच का, तर त्या वेळेला कारवार यायचं. कारवार म्हणजे कारवारचे एक गृहस्थ, तेही तारखात्यातलेच. नोकरीत असताना मास्तर इकडच्या टोकाला, ते तिकडच्या टोकाला, आणि मधून तार. पुढं दोघांनी लायसन काढलं आणि तारेशिवाय तेच सुरू ठेवलं. तोंडानं नाही हं, मोर्समध्ये, बोटानं. तीस वर्षांची ओळख आणि एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, फोटोसुद्धा नाही. पण मास्तर म्हणायचे, "हात पाह्यलाय ना." हात म्हणजे की, तार पाठवायची ती कळ, दाबायची ढब. आपल्या अक्षरासारखीच ती प्रत्येकाची वेगळी असते. कारवारचा सेट अगदी लहान, बॅटरीवर चालणारा. त्यांचा आवाज इतका बारीक यायचा की मास्तर कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, जात्याखालून सुई शोधावी तसे ऐकत बसायचे.

त्या पंधरा मिनिटांत मला गिरणीत काम नसे. मी जाऊन त्यांच्या उंबऱ्यात उभी राहायला लागले. एक दिवस म्हणाले, "बसा. पण बोलू नका." इतकं अवघड काम मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. सासूनं सुद्धा.

बसता बसता गोडी लागली. मी मॅट्रिक नापास, इंग्रजीत गेलेली. पण कान चांगला. गिरणीत दगड कसा फिरतोय ते आवाजावरून कळतं, बाजरी चाललीय की गहू ते डोळे मिटून सांगता येतं. महिन्याभरात मला डिट म्हणजे आखूड आवाज आणि डाह म्हणजे लांब, हे वेगळे ऐकू यायला लागले. मी म्हणाले, "मास्तर, मला बी शिकवा." त्यांनी एक जुना रिसीव्हर दिला. नुसता ऐकायचा, बोलायचा नाही. आणि म्हणाले, "आधी एक वरीस ऐका."

"एक वरीस? अन् बोलायचं कधी?"

"ऐकून झाल्यावर."

वर्षभर मी ऐकलं. त्यात मला कळलं की हवेवरही चांगल्या घरची आणि वाईट घरची माणसं असतात. काही जण येतात ते थेट दुसऱ्याच्या बोलण्यात घुसतात. काही जण आधी कान लावून बसतात, मग हळूच विचारतात, ही जागा रिकामी आहे का? मग पुन्हा थांबतात, पुन्हा विचारतात. मग आपलं नाव सांगतात. मास्तर म्हणायचे, "कोणाच्या घरी गेल्यावर कडी वाजवताव का न्हाई? का थेट चुलीपाशी जाऊन बसताव?" आणि ते दोन श्वास? त्याचं कारणही तेव्हाच कळलं. एकाचं बोलणं संपलं की दुसऱ्यानं लगेच सुरू करायचं नाही. मध्ये जागा सोडायची. कोणी अडचणीत असेल, कोणाचा आवाज बारीक असेल, तर त्याला त्या फटीतून आत येता यावं म्हणून. हवेवरची ही सवय मास्तरांनी घरात आणली होती, दुसरं काही नाही. मी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजे तीस वर्षं हे माझ्या भाजीपाशी परक्या माणसाची वाट बघून राह्यले व्हय!"

नियमाला मात्र ते दगडासारखे पक्के. फाट्यावरच्या एका बाईचा मुलगा दुबईला होता, दोन महिने पत्र नाही. ती रडत आली, मास्तर, तुमच्या पेटीतून एवढा निरोप द्या. मास्तरांनी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाले, "माझ्या लायसनवर दुसऱ्याचा निरोप नेता येत न्हाई." ती शिव्या देत उठली. तर हे चप्पल घालून तिच्याबरोबर एसटीनं परतूरला गेले, तिथल्या पोस्टातून तार लिहून दिली, संध्याकाळी परत आले. मी म्हणाले, "सांगून टाकलं असतं दोन शब्द, कोण ऐकतंय?" ते थांबले नेहमीसारखे. "सारेच ऐकतेत, बाई. म्हून तर नीट वागायचं."

आणि एक गोष्ट त्यांनी मला पाठ करायला लावली होती, ती म्हणजे 'आर'. मोर्समध्ये आर हे अक्षर दिलं की त्याचा अर्थ, तुमचं सगळं मिळालं. "अक्षर न् अक्षर मिळालं तरच आर द्यायचा. एक शब्द जरी हुकला तरी न्हाई. पुन्हा मागायचं. धा वेळा मागायचं, लाज न्हाई. आर मिळाला की समोरचा माणूस निर्धास्त होतो. त्याला फसवू नका." तीस वर्षांच्या नोकरीत आपण एकही खोटा आर दिला नाही, हे ते सांगायचे तेव्हा मात्र मान जराशी ताठ व्हायची.

परीक्षेला मी परतूरहून रेल्वेनं हैदराबादला गेले, मालकांना बरोबर घेऊन. पहिल्यांदा इंग्रजीनं परत घात केला. दुसऱ्यांदा पास झाले. मग लायसनच्या आधी पोलिसांची चौकशी असते. हवालदार गिरणीत आला, कागद काढला.

"मावशी, वायरलेस कशाला पायजे तुम्हाला?"

"बोलायला."

"कोणाशी?"

"कोणाशी बी. जो येईल त्याच्याशी."

"हे कसं लिहू मी?" तो बिचारा पेन घेऊन बसला. शेवटी डबे घेऊन उभ्या असलेल्या एका बाईनं सांगितलं, "लिहा, बोलायची जुनी सवय आहे." त्यानं काय लिहिलं देव जाणे, पण लायसन आलं. मास्तरांनी मला सेट जोडून दिला, गिरणीच्या मागच्या खोलीत बसवून दिला. त्या दिवशी काकूंनी शिरा केला.

आणि आता जे सांगायचं ते सांगते. लायसन येऊन महिना झाला नसेल. रविवार होता. रविवारी गिरणी पूर्ण बंद. काकू मंठ्याला लेकीकडं गेल्या होत्या. मी घड्याळाकडं बघत बसले होते, कधी एकदा पावणेआठ होतात. साडेसात ते पावणेआठ कारवारची वेळ, ती मी मोडली नाही. पावणेआठचा काटा बरोबर लागला आणि मी सेट चालू करून हाक दिली, कोणी आहे का? आधी ऐकलं नाही. जागा रिकामी आहे का विचारलं नाही. घड्याळ बघितलं, झालं. आणि उत्तर आलं! नाशिककडचे एक सद्गृहस्थ. त्यांनी कधी वाटूर ऐकलं नव्हतं, बाई हवेवर ऐकली नव्हती, आणि गिरणीवाली तर नाहीच. मग काय विचारता. मी त्यांना गिरणी सांगितली, ज्वारीची जात सांगितली, मालकांची बदली सांगितली, हैदराबादची परीक्षा सांगितली. ते 'ओव्हर' म्हणाले रे म्हणाले की मी सुरू. मध्ये एका श्वासाची जागा नाही. वीस-पंचवीस मिनिटं असं चाललं.

मग धावत मास्तरांकडं गेले. "मास्तर! ऐकलं का? नाशिक! नाशिक लागलं मला!"

ते टेबलाशीच बसले होते. हेडफोन गळ्यात. थांबले. त्या दिवशी मी मोजलं नाही, पण दोनपेक्षा जास्त श्वास असतील. म्हणाले, "ऐकलं. आवाज लई साफ येतो तुमचा."

मी खुशीत घरी आले.

त्यानंतर ते रोज साडेसातला बसत, पण की वाजत नसे. नुसते ऐकत. मी विचारलं, कारवार येत न्हाई का? म्हणाले, "तब्येत बरी न्हाई त्यांची. मुलाकडं बेंगळुरूला गेलेत." एवढंच.

तीन आठवड्यांनी त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जालन्याला जायचं होतं. लॉगबुक म्हणजे आमची नोंदवही. कोणाशी कधी बोललो ते सगळं तिच्यात लिहावं लागतं. त्यांची वही फाटायला आली होती. मला म्हणाले, "नव्या वहीत उतरवून ठेवा. नोंद कशी करायची ते बी कळंल." मी गिरणीत बसून उतरवत होते, पीठ झटकत. त्या रविवारचं पान आलं. वेळ आणि खुणा इंग्रजीत, शेरा मराठीत. बारीक, सरळ अक्षर.

"७.४६. कारवार. आज उशिरा आले. सेट कायमचा बंद करणार, म्हणून शेवटचा निरोप देतो म्हणाले. निरोप मिळाला नाही. स्थानिक अडथळा. पुन्हा मागितला. पुन्हा मिळाला नाही. तिसऱ्यांदा मागितला. त्यांचा हात थकला. आर दिला. मिळालं नव्हतं."

मी दोनदा वाचलं. स्थानिक अडथळा? रविवार, गिरणी बंद, लाइट ठीक. गावात दुसरं काय होतं? आणि मग मी वेळेचा रकाना पुन्हा वाचला. सात सेहेचाळीस. नाशिक. एका भिंतीपलीकडं माझा सेट, त्याचा आवाज त्यांच्या रिसीव्हरमध्ये असा भरलेला की दुसरं काही आत येणंच शक्य नाही. गिरणी बंद होती, गिरणीवाली चालू होती.

आणि त्यांनी कुठंही माझं नाव लिहिलं नव्हतं. कॉल साइनसुद्धा नाही. नियमानं लिहायला हवी होती. तीस वर्षांत एकही खोटा आर न दिलेल्या माणसानं तो माझ्यापायी दिला, आणि वहीत स्वतःचा गुन्हा लिहिला, माझा नाही. ती वही त्यांनी विसरून माझ्याकडं दिली की मुद्दाम, हे मला अजून कळलेलं नाही.

जालन्याहून ते डोळ्याला हिरवी पट्टी लावून आले तेव्हा मी दारातच रडायला लागले. त्यांना वाटलं, डोळ्यासाठी रडतेय. म्हणाले, "अहो, एकच डोळा आहे, दुसरा शाबूत आहे."

"मास्तर, तो रविवार. मी होते ना?"

दोन श्वास. "व्हय."

"मंग ओरडायचं ना भिंतीवरून! यायचं, कानफटात मारायची!"

"की सोडून कसा उठू? ते बोलून राह्यल्ते."

"मंग आता पत्र लिहा त्यांना. इचारा काय निरोप होता."

शेवटी म्हणाले, "आर दिलाय, बाई. आता कोणत्या तोंडानं इचारू?"

त्यांचं तोंड नसेल, मला होतं. मी कारवारच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. चार पानं. मी कोण, गिरणी कोणती, नाशिक कसं लागलं, सगळं. शेवटी लिहिलं, चूक माझी, मास्तरांची नाही, निरोप मला कळवा. कारवारच्या पोस्टानं ते पत्र बेंगळुरूला पुढं पाठवलं असावं, कारण उत्तर तिथून आलं. अक्षर थरथरतं, पण मराठी स्वच्छ.

त्यांनी लिहिलं होतं, "त्यांचा आर खोटा होता हे मला तेव्हाच कळलं. तीस वर्षं हात ओळखतो. खरा आर एका दमात येतो, हा अडखळत आला. माझा हात थकू नये म्हणून दिला हेही कळलं. पत्र लिहून पुन्हा सांगितलं असतं, पण मग त्यांना लाज वाटली असती. म्हणून गप्प बसलो." आणि खाली तो निरोप, जसा दिला होता तसा, इंग्रजीत. त्याचा अर्थ असा होता:

"सेट उद्या काढतात. नव्या घरात मोठी तार टांगायला जागा नाही. लहान रिसीव्हर जवळ ठेवलाय. साडेसातला रोज कान लावीन. उत्तर देता येणार नाही. तरी हाक मार."

वाचून मी डोक्याला हात लावला. म्हणजे तिकडं हे रोज साडेसातला कान लावून हाकेची वाट बघताहेत, आणि इकडं हे रोज साडेसातला कान लावून गप्प बसलेत! दोघं म्हातारे, दोघं शहाणे, दोघंही दुसऱ्याला लाज वाटू नये म्हणून मुके.

पत्र नेऊन हातात देणं सोपं होतं. पण म्हटलं नाही. निरोप हवेवरून निघाला होता, तो हवेवरूनच पोचला पाहिजे. चार दिवस मी घोकंपट्टी केली. जेवणाच्या ताटावर चमच्यानं, गिरणीच्या दगडावर छिन्नीनं, डिट-डाह, डिट-डाह. मालक म्हणाले, आता तोंडाला आराम दिलास तर बोटं सुरू?

पाचव्या दिवशी साडेसातला गिरणी बंद केली. सेटपाशी बसले. आधी ऐकलं. पुष्कळ ऐकलं. जागा रिकामी आहे का विचारलं. थांबले. पुन्हा विचारलं. मग मास्तरांना त्यांच्या खुणेनं हाक दिली. पलीकडून उत्तर आलं, सांगा. मी कळवलं, कारवारचा निरोप आहे, घ्या.

आणि एकेक अक्षर दिलं. माझा हात म्हणजे बैलगाडी. तीन ठिकाणी चुकले, तीनदा मागं जाऊन दुरुस्त केलं. शेवटचा शब्द दिला आणि हात मांडीवर ठेवला.

काही आलं नाही. दोन श्वास गेले. चार गेले. सात गेले. मला वाटलं, माझी मोर्सच समजली नाही. आणि मग आला. एकच अक्षर. डिट डाह डिट. एका दमात, जराही न अडखळता.

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो, पट्टी भिजू देऊ नका, डाक्टरनं सांगितलंय ना!"

थोड्या वेळानं मी गेले. मास्तर जुन्या वहीत, जिथं "मिळालं नव्हतं" लिहिलं होतं, त्याच्यापुढं आजची तारीख टाकून "मिळालं" लिहीत होते. मी भीत भीत विचारलं, "मास्तर, हा तिसऱ्याचा निरोप झाला का? नियमात बसतो ना?" ते थांबले आणि पहिल्यांदाच दात दिसेपर्यंत हसले. "तिसरं कोण आहे इथं? तिघं बी लायसनवाले."

दुसऱ्या दिवसापासून साडेसातला मास्तरांची की पुन्हा वाजायला लागली. पण त्यातही नियम. म्हणाले, "हाक मारायची परवानगी आहे, भाषण करायची न्हाई." तीनदा हाक, मग दोन मिनिटं कान, मग नमस्कार. बस. आठवड्याला बेंगळुरूहून एक पोस्टकार्ड यायचं. त्यावर वार आणि वारापुढं आकडे, कोणत्या दिवशी आवाज कसा आला त्याचे. एखाद्या दिवशी हवा खराब असली तर रेघ. दुसरं एक अक्षर नाही. मास्तर ते कार्ड वाचून खिशात ठेवत आणि काकूंना सांगत, "मंगळवारी जरा कमी पोचलो." असं नऊ वर्षं चाललं.

मास्तर गेले ते सकाळीच, हाक मारून झाल्यावर. काकू चहा घेऊन गेल्या, चहा घ्या म्हणाल्या, आणि सवयीनं दोन श्वास थांबल्या. नंतर मला म्हणाल्या, "लई येळ थांबले मी, बाई." आमच्यात ह्याला 'सायलेंट की' म्हणतात. की शांत झाली.

तेराव्यानंतर मी बेंगळुरूला कळवायचं म्हणून पत्र लिहायला बसले. जिला चार पानं पुरत नाहीत तिला चार ओळी सुचेनात. तसंच टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला गिरणी बंद करून मी सेटपाशी बसले. आधी ऐकलं. मग माझ्याच खुणेनं हाक मारली, मास्तरांची खूण कशी वापरीन? तीनदा हाक. दोन मिनिटं कान. नमस्कार.

मध्ये एकही कार्ड आलं नव्हतं, ते आता आठवड्यानं आलं. तेरा दिवसांपुढं रेघा, आणि एका वारापुढं आकडे. आणि पहिल्यांदाच खाली दोन ओळी, इतक्या थरथरत्या की लागायला वेळ लागला.

"हात निराळा आहे. समजलो. शेवटी जागा नीट सोडलीत."

आता कार्डंही येत नाहीत. काकू लेकीकडं असतात. फाट्यावर मोबाइलचे टॉवर झालेत, लोक पाकिटातलं पीठ घेतात, तरी गिरणी चालते. साडेसातला ती बंद होते. नवी सून आली तेव्हा तिला वाटलं, लाइट गेली. मागच्या खोलीत येऊन ती बघत उभी राहिली. माझी तीनदा हाक मारून झाली, तशी म्हणाली, "आत्याबाई, उत्तर तर कोणीच देऊन न्हाई राह्यलं. कोणाला हाक मारता?"

मी बोट ओठावर ठेवलं. आम्ही दोघी थांबलो.